काळ्या मसाल्याचा डोनट: पहिल्या घासापासून पहिल्या बिलापर्यंत

आईनं ताटलीतला डोनट उलटा करून पाहिला, वरचा कांदा नखानं जरा बाजूला सारला, एक घास घेतला आणि विचारलं, "मेदुवडा गोड का लागतोय रे?"

तारीख ३० डिसेंबर २०२३. तोवर माझे सात घाणे झाले होते. त्यातले पाच कचऱ्यात गेले होते, दोन घरच्यांनी माझ्याकडे बघून खाल्ले होते. हा आठवा. मला वाटत होतं, हा जमलाय.

आधी मी कोण ते सांगतो. नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत सत्तावीस वर्षं इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार माल तपासायला, होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमची लाइन बंद झाली आणि मी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली. सिडकोत पवननगरला रो-हाऊस आहे. स्वयंपाकातलं मला चहा आणि मॅगी एवढंच येत होतं. आज शनिवार-रविवारी कॉलेज रोडच्या एका लहान दुकानात मी केलेले डोनट विकले जातात. हे लिहायचं कारण एवढंच की कुठला फॉर्म, किती दिवस, किती पैसे आणि थंडीत पीठ का फुगत नाही, हे मला तेव्हा एका जागी सापडलं नव्हतं.

सुरुवात १९ नोव्हेंबरची. वर्ल्ड कपची फायनल हरलो, घरात कोणी कोणाशी बोलेना. टीव्ही बंद केल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, चला बाहेर. नाहीतर रात्रभर त्याच ओव्हरवर बोलत बसाल." दोन गाड्यांवर तिघं कॉलेज रोडला गेलो. एरवी त्या रस्त्यावर रात्री गाडी लावायला जागा मिळत नाही. त्या दिवशी कर्फ्यू लागल्यासारखं होतं. एका गल्लीत ते दुकान. काउंटर, चार स्टुलं आणि खडूनं लिहिलेला फळा. फळ्यावर पेरू-तिखटमीठ, कढीपत्ता आणि पांढरं चॉकलेट, फिल्टर कॉफी, पान, चीज-मिरची. एक डोनट ११० रुपये. मुलीनं पाचही मागवले. साडेपाचशे रुपये. बायकोनं फक्त एवढंच म्हटलं, "यात दीड-दोन किलो बालुशाही आली असती."

प्रत्येकाचे तीन तुकडे केले. पेरूचा खाल्ला आणि शाळेबाहेरची गाडी आठवली, पेरूला चिरा देऊन तिखटमीठ भरून द्यायचे ती. आधी गोड, मग गिळून झाल्यावर घशाशी तिखट. कढीपत्त्याचं नाव वाचून मी हसलो होतो, खाल्ल्यावर गप्प बसलो. पानाचा मला अजिबात आवडला नाही; लग्नात जेवण झाल्यावर ताटात ठेवतात त्या मुखवासाची चव डोनटला कशाला? कॉफीचा बरा. चीज-मिरचीचा मुलीनं आम्हाला मिळूच दिला नाही.

पण माझी सवय वाईट. वरची चव बघून झाली की मी खालचा माल बघतो. तुकडा दाबला तर तो दबलेलाच राहिला, वर आला नाही. आत भुसभुशीत, कोरडा, कालच्या पावासारखा. मी मुलीला हळूच म्हटलं, "वरचं पेंटिंग एक नंबर, खालचं कास्टिंग खराब." हळूच म्हटलं असं मला वाटलं. काउंटरमागच्या ताईंनी ऐकलं. तिशीच्या असतील. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, खरंय तुमचं. बेस बाहेरगावाहून फ्रोजन येतो. वरचं सगळं मी करते. नाशकात रोज ताजा बेस कोणी देत असेल तर मला हवाच आहे. तुम्हाला जमत असेल तर आणा की!"

त्या गमतीत बोलल्या होत्या. मी मात्र त्या महिन्यात रिकामा होतो.

पहिला घाणा २५ नोव्हेंबरला. व्हिडिओत 'कोमट दूध' म्हणाले होते. माझं कोमट म्हणजे चहापेक्षा जरा कमी. यीस्ट मेलं आणि पीठ दोन तासांनी होतं तेवढंच राहिलं. दूध ३५ ते ४० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. बोट घालून काहीच जाणवलं नाही, ना गरम ना गार, तर ते बरोबर. दुसऱ्या घाण्याला पीठ फुगलं, पण तेलाचा अंदाज चुकला. बाहेरून बदामी, आतून कच्चा गोळा. अमेरिकेतल्या मेन राज्यातला हॅन्सन ग्रेगरी नावाचा खलाशी सांगायचा की डोनटला पहिलं भोक आपण पाडलं, १८४७ साली. खरंखोटं तो जाणे, पण कारण पटण्यासारखं आहे. भोक नसलं की मधलं पीठ शिजत नाही. मेदुवड्याचंही तेच. माझ्या डोनटला भोक होतं, पण औषधाच्या बाटलीच्या झाकणानं पाडलेलं, तळताना ते बुजून जायचं.

मग मी कंपनीतल्यासारखा कामाला लागलो. ४८० रुपयांचा तेलाचा थर्मामीटर आणला, ३९० चा वजनकाटा आणला आणि वही घातली. अंबडला एका टर्नर मित्राचं लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र आहे, त्याच्याकडून एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलचा कटर करून घेतला. बाहेरचा व्यास ८२ मिलीमीटर, आतला २८. त्यानं कड इतकी साफ काढून दिली की पीठ दाबलं जात नाही, कापलं जातं. कड दाबली गेली तर डोनट एका बाजूनं फुगतो, हे मला नंतर कळलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "अरे, सत्तावीस वर्षं तू माझे पीस रिजेक्ट केलेस. आता तुझा पहिला लॉट माझ्याकडे आण."

तिसरा, चौथा, पाचवा घाणा थंडीनं खाल्ला. डिसेंबरातली आपली सकाळ माहीतच आहे. स्वयंपाकघरात १७ अंश असायचे. पाककृतीत लिहिलेलं 'एक तास ठेवा' हे कुठल्या गावच्या तासाचं? माझ्या पिठाला तीन तास लागत होते आणि मी दीड तासात कटर मारत होतो. उपाय मुलीनं काढला. बंद ओव्हनमध्ये खाली उकळत्या पाण्याचं पातेलं आणि वरच्या जाळीवर पिठाचं भांडं. ओव्हन चालू करायचा नाही. आत ३० अंशांच्या आसपास राहतं आणि सत्तर मिनिटांत पीठ दुप्पट होतं. रिंगा कापल्यावर पुन्हा तिथंच चाळीस मिनिटं. तयार झालं की नाही हे घड्याळावर ठरवू नका. रिंगेच्या कडेला बोट हलकं टेकवा. खड्डा लगेच भरून आला तर अजून थांबा. हळूहळू भरला तर तळायला घ्या. भरलाच नाही तर उशीर झाला.

सातव्या घाण्याला पहिल्यांदा पांढरी पट्टी दिसली. चांगल्या डोनटच्या कमरेला सगळीकडून एक फिकट पट्टा असतो, कधी नीट पाहिला नसेल तर बघा. पीठ पुरेसं फुगलेलं असलं की रिंग तेलावर बोटीसारखी उंच तरंगते. एक बाजू तळली, उलटी केली, दुसरी तळली. मधला भाग तेलात बुडतच नाही, म्हणून तो पांढरा राहतो. पीठ कमी फुगलं असेल तर रिंग खोल बसते आणि पट्टी येत नाही. त्या दिवशी मी कढईसमोर उभा होतो. तेल १७८ अंश, पहिली बाजू ७५ सेकंद, चॉपस्टिकच्या काडीनं उलटली, आणि त्या सोनेरी कडांच्या मध्ये साबुदाण्याच्या रंगाची ती रेघ वर आली. मी कपाटातून मिलीमीटर मोजायचा व्हर्नियर काढला. सहा मिलीमीटर. दुसऱ्याची साडेपाच. तिसऱ्याची सहा. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, लोक खाणार आहेत ते. फिट करणार नाहीत कुठं."

प्रमाण देऊन टाकतो, लपवण्यासारखं काही नाही. मैदा १ किलो, दूध ५५० मिलीलीटर, दही ५० ग्रॅम, साखर १२०, लोणी १२०, मीठ १५, इन्स्टंट यीस्ट १०. अंडं नाही, कारण दुकान शाकाहारी आहे. लोणी शेवटी घालायचं, पीठ मळून ताणलं जायला लागल्यावर. हातानं मळलं तर पंचवीस मिनिटं आणि खांदा; मी नंतर ७,२०० चा मिक्सर घेतला. ५५ ग्रॅमच्या एका रिंगेप्रमाणे तेहतीस होतात. दालचिनी पिठात घालू नका, ती यीस्टला दाबते; हवी तर वरून साखरेत. तेल १७५ ते १८० च्या मध्ये ठेवा. एकदा पाच-सहा रिंगा टाकल्या की ते खाली येतं, त्यामुळे घाई करून दहा टाकल्या तर दहाही तेलकट होतात.

आता चवींकडे. ताईंच्या फळ्यावरच्या चवी मला करायच्या नव्हत्या, त्या त्यांच्या आहेत. मला आपल्याकडचं काहीतरी हवं होतं. पहिला कांदा आला डोक्यात. डिसेंबरच्या सुरुवातीला निर्यातबंदी लागली होती, लासलगावला भाव पडले होते. स्वस्त कांदा मिळाला म्हणून खूश व्हायची सोय नव्हती. आमच्या गल्लीत निम्म्या घरांचे मामा-काका कांद्यावाले आहेत. एक किलो उभा चिरलेला कांदा मंद आचेवर तासभर परतला की पावशेरसुद्धा उरत नाही, पण गूळ घातल्यासारखा गोड होतो. त्यात घरचा काळा मसाला चमचाभर. या डोनटच्या पिठात साखर १२० ची ४० वर आणली. वरून लोण्याचा हात आणि हा कांदा.

आईचा प्रश्न त्यावरचा. आधी राग आला. मग लक्षात आलं की तिला चवीचा त्रास झालेला नाही, तिनं सगळा संपवला होता. तिला नावाचा त्रास झाला होता. भोक असलेलं, बदामी, वर कांदा, म्हणजे वडा, आणि वडा खारट लागायला हवा. जीभ आधीच एक तयारी करून बसलेली असते. मुलगी म्हणाली, "मग नाव मोठ्यानं सांगायचं, पप्पा. तोंडात जायच्या आधी." ही गोष्ट पुढे उपयोगी पडली.

कागदाचं काम मी जानेवारीत काढलं. ज्यांना याचीच भीती वाटते त्यांच्यासाठी जरा सविस्तर.

खाद्यपदार्थ विकायचा म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याची नोंदणी लागते, घरून केला तरी. तेव्हा, २०२४ च्या सुरुवातीला, वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर नोंदणी पुरायची. त्याच्या वर लायसन्स. दोन्ही फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवरूनच. नोंदणीची फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती. होय, शंभर. मी आधी एका एजंटला विचारलं होतं, त्यानं अडीच हजार सांगितले होते. मुलीनं बाजूला बसून चाळीस मिनिटांत अर्ज भरला. सोमवार, ८ जानेवारी २०२४. फोटो, आधार, जागेचा पुरावा. पदार्थाचा प्रकार निवडायला लावतात, तिथं मी घोटाळलो. मी 'मिठाई'कडे निघालो होतो. डोनट बेकरीत येतो, यादीत ७.२.२ या गटात उदाहरणादाखल डोनटचंच नाव आहे. आणि मी गिऱ्हाइकाला थेट वाढणार नव्हतो, ताईंच्या दुकानाला माल देणार होतो, म्हणून व्यवसायाच्या प्रकारात उत्पादन निवडायचं होतं. हे दोन रकाने भरायच्या आधी कागदावर लिहून ठेवा.

शुक्रवारी, १२ तारखेला, अर्जावर शंका आली. त्या दिवशी पंतप्रधान नाशकात होते, काळाराम मंदिर आणि तपोवनात युवा महोत्सवाचं उद्घाटन. पंचवटीकडचे रस्ते बंद, मी रविवार कारंजाला लोणी आणि खोके आणायला निघालो होतो तो अर्ध्या वाटेतून परत आलो, आणि घरी येऊन बघतो तर मेसेज. जागेच्या पुराव्यावरचं नाव आणि अर्जदाराचं नाव जुळत नाही. चूक माझीच. लाइट बिल अजून दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावावर आहे आणि दादा जाऊन सात वर्षं झाली. पोटात गोळा आला. आता वारस नोंद करा, कोर्टात जा, असलं काय काय मनात येऊन गेलं. प्रत्यक्षात आईचं संमतिपत्र, सोबत महापालिकेची घरपट्टीची पावती. आईनं सही करताना विचारलं, "घर विकतोयस का?" वड्यासाठी आहे म्हटल्यावर केली.

शनिवारी कागद परत चढवले. पुढच्या शुक्रवारी, १९ जानेवारीला प्रमाणपत्र आलं. अर्जापासून अकरा दिवस. चौदा आकडी नंबर, नोंदणीचा असला की २ नं सुरू होतो आणि लायसन्सचा असला की १ नं. माल घेताना समोरच्याचा नंबर कसा बघायचा हेही त्यामुळे कळलं. प्रमाणपत्र छापून स्वयंपाकघरात लावलं, देवघराच्या शेजारी, कारण दुसरा खिळा नव्हता. हा नंबर बिलावरही टाकावा लागतो.

लहान उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी फुकट आणि दहा मिनिटांची, तीही केली. एक गोष्ट लोक टाळतात ती म्हणजे गॅस. धंद्यासाठी घरचं लाल सिलिंडर चालत नाही, १९ किलोचं व्यावसायिक लागतं. त्याची अनामत वेगळी. तेवढे पैसे बाजूला धरा.

आता चार चवी ठरल्या होत्या, कांदा, तीळगूळ, द्राक्ष आणि चिवडा, आणि चौघींनीही त्रास दिला. कांद्याचं वर सांगितलंच.

तीळगुळाची संक्रांतीला, १५ जानेवारीला, घरच्यांवर करून पाहिली. पातळ गुळाचं आवरण आणि वर भाजलेले तीळ. ताजी असताना अप्रतिम. दोन तासांनी डब्यात पाहिलं तर डोनटला घाम फुटला होता. गूळ हवेतलं पाणी ओढतो, तीळ घसरून खाली. शेवटी गूळ आत गेला, घट्ट सारण करून, आणि बाहेर साध्या साखरेवर तीळ चिकटवले.

द्राक्षं पिंपळगावच्या साडूंच्या बागेतली. नोव्हेंबरच्या शेवटी गारपिटीनं निफाडकडच्या बागा झोडपल्या होत्या, त्यांचीही एक बाजू गेली होती. जी राहिली त्यातले सुटे मणी मला मिळाले. दोन किलो मण्यांचा रस आटवून सहाशे ग्रॅम गर, त्यात लिंबू आणि भरड काळी मिरी. चव अशी की बायकोनं चमच्यानं वाटीभर तशीच खाल्ली. पण जिलेटिन घालायचं नाही आणि पातळ ठेवला तर डोनटच्या पोटातून गळतो. थोड्या कॉर्नफ्लोअरनं काम झालं. भरायचं भोक वरून न पाडता कमरेच्या पांढऱ्या पट्टीत पाडायचं, म्हणजे ते दिसत नाही आणि तिथली साल मऊ असते. द्राक्षाचा डोनट अर्थातच भोकाचा नाही, गोल.

चिवड्याचं मात्र पूर्ण जमलं असं अजून म्हणत नाही. पांढऱ्या आवरणावर नाशिकचा चिवडा, खारट-गोड-कुरकुरीत. कल्पना मुलीची. चाळीस मिनिटांत पोहे मऊ. ताईंनी मार्ग काढला. चिवडा लहान पुडीत वेगळा द्यायचा आणि काउंटरवर गिऱ्हाइकासमोर भुरभुरायचा. त्या पुडीवर शेंगदाणे आहेत हे मोठ्या अक्षरात लिहा. खोक्यावरच्या चिठ्ठीत मैदा आणि दूध, हिरवा ठिपका, नोंदणी नंबर, तळल्याची तारीख आणि वेळ. वेळ लिहायचा नियम नाही, पण मला लिहायचा होता.

पहिला शनिवार २७ जानेवारी. पहाटे साडेतीनला पीठ. कंपनीत नियम होता, पहिला पीस ओके झाल्याशिवाय लॉट चालू करायचा नाही. तसा पहिला डोनट तळला, फोडला, मग बाकीचे. साडेनऊला चोवीस डोनट चार खोक्यांत, ॲक्टिव्हाच्या पायाशी. त्रिमूर्ती चौक, उंटवाडी, कॉलेज रोड. उंटवाडीच्या अलीकडे एक खड्डा चुकवला, दुसरा सापडला. दुकानात खोकी उघडली तर चिवड्याच्या तीन डोनटचं आवरण झाकणाला. ताई म्हणाल्या, "काका, उंच खोकं घ्या आणि आवरण इथंच लावू." त्यानंतर मी कोरे डोनट आणि वाटीत आवरण असं नेतो. हे आधीच कोणी सांगितलं असतं तर.

मी थांबणार नव्हतो, पण पाय निघेना. कोपऱ्यातल्या स्टुलावर कॉफी घेऊन बसलो, जणू गिऱ्हाईक. पहिली दोन कॉलेजची मुलं आली, ट्रेकडे बघून एकमेकांना म्हणाली, "इथं मेदुवडा पण ठेवतात?" आणि पेरूचा घेऊन गेली. नंतर एक आजोबा, त्यांनीही तेच. अकरा वाजेपर्यंत कांद्याचा एकही गेला नव्हता. मला आत काहीतरी चुरचुरत होतं, सत्तावीस वर्षं दुसऱ्याचा माल नापास करणं सोपं होतं. ताईंनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: 'कांदा-काळा मसाला डोनट. हा मेदुवडा नाही.' पुढची बाई ते वाचून हसली आणि म्हणाली, "नाही ना? मग द्या एक." तिनं अर्धा खाल्ला, पुन्हा काउंटरवर आली आणि घरी न्यायला दोन घेतले. दुपारी दोनपर्यंत सहाही गेले.

संध्याकाळचा हिशेब: कांद्याचे सहापैकी सहा, द्राक्षाचे पाच, तीळगुळाचे तीन, चिवड्याचा एक. पंधरा विकले, नऊ राहिले. माझा भाव ४० रुपये, दुकानात ९०. पहिले दोन शनिवार न विकलेल्याचे पैसे घ्यायचे नाहीत असं ठरलं होतं, म्हणून बिल ६०० रुपयांचं. एका डोनटला माल, गॅस, खोकं धरून मला २१ रुपये पडतात. म्हणजे त्या दिवशी चोवीसांवर खर्च ५०४ आणि उरले ९६. मजुरी धरलेली नाही. सुरुवातीचा सगळा खर्च, सिलिंडरची अनामत सोडून, १२,८७० झाला: मिक्सर, थर्मामीटर, काटा, ट्रे आणि जाळ्या ११००, फुकट गेलेला माल ३६०० आणि ते शंभर रुपये. हे आकडे मुद्दाम देतोय, कारण 'घरबसल्या कमाई'चे व्हिडिओ बघून कोणी नोकरी सोडू नये.

उरलेल्या नऊपैकी चार टर्नर मित्राकडे गेले. त्यानं कटरचा पहिला लॉट मागितलाच होता. चिवड्याचा खाऊन म्हणाला, "डायमेन्शन ओके. फिनिश रिजेक्ट." बरोबर होतं.

एक सांगायचं राहिलं, तेल. तळलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरलं तर त्यात पोलर कंपाउंड, म्हणजे तेल बिघडल्यावर तयार होणारे घटक वाढतात, आणि त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की वापरायचं नाही असा नियम २०१८ पासून आहे. माझ्याकडे ते मोजायचं यंत्र नाही. म्हणून मी सोपं ठेवलंय: शनिवारी नवं तेल, गाळून रविवारी एकदा, मग बंद. उरलेलं दुकानातल्या वापरलेल्या तेलाच्या कॅनमध्ये जातं. महाग पडतं. पण जुन्या तेलाचा वास द्राक्षाला आधी लागतो, कांद्यात तो लपतो, आणि लपतो म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

फेब्रुवारीत शनिवार-रविवार तीस-तीस, मार्चपासून चाळीस. चिवडा आता फक्त सांगितल्यावर. सुरगाण्याची नागली, म्हणजे नाचणी, पिठात मिसळून पाहिली. वीस टक्क्यांपर्यंत डोनट फुगतो, तीसला विटेसारखा होतो, वीसवाला बरा चालला. त्या फळ्याचे लोक फोटो काढतात, म्हणून ताईंनी ती ओळ पुसलेली नाही. आई बहिणीला फोनवर अजूनही सांगते, "गोड वडे करतो तो."

एप्रिलच्या मध्याला साडूंचा फोन आला, बाग संपली. फळ्यावर द्राक्षाच्या जागी काहीतरी हवं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात त्र्यंबकच्या रस्त्यावर बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या, चार द्रोण आणले. बिया काढायला दोन तास. काल रात्री ट्रायल घेतली. चव ओके आहे, आंबट-गोड, मागे जरा तुरट. रंग बाटलीत जांभळा दिसतो, साखरेच्या आवरणात गेला की ओल्या सिमेंटसारखा. वहीत पान ३१ वर शेरा लिहिलाय: रिवर्क.